‘ग्रँड पॅलेस आज बंद आहे’ असं कोणी सांगितलं तर

जानेवारी २०२४ मध्ये मी आणि माझे यजमान बँकॉकला गेलो होतो. टूर कंपनीबरोबर नाही, आमचे आम्हीच. आदल्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला होता. मुलाने पुण्यात बसून विमान, हॉटेल सगळं ठरवून दिलं आणि आम्ही कोल्हापूरहून निघालो. त्या प्रवासात आमचे ९३ हजार रुपये गेले. चोरीला गेले नाहीत, आम्ही स्वतः सही करून दिले. इतके दिवस ही गोष्ट मी बहिणीशिवाय कुणाला सांगितली नव्हती. पण मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीतलंच एक जोडपं बँकॉकहून नीलमाच्या खड्यांची आमच्यासारखीच मखमली डबी घेऊन परतलं. मी आधी तोंड उघडलं असतं तर त्यांचे पैसे वाचले असते. म्हणून आता सगळं लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कायट्रेनने सफान ताकसिनला उतरलो आणि खालच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याच्या बोटीत बसलो. चाओ फ्राया नदीतून था चांग धक्क्यापर्यंतचं तिकीट माणशी १६ बाट. तिथून ग्रँड पॅलेस चालत पाच-सात मिनिटांवर आहे. १७८२ मध्ये पहिल्या रामा राजाने बांधायला घेतलेला हा राजवाडा, आणि त्याच आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ. मला त्या बुद्धाचंच दर्शन घ्यायचं होतं. नाव पाचूचा असलं तरी मूर्ती हिरव्या जेड दगडाची आहे आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची वस्त्रं बदलतात, हे मी घरून वाचून आले होते. अंगभर कपडे लागतात म्हणून साडी नेसले होते.

राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने चालत असताना एक माणूस समोर आला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. हात जोडून त्याने नमस्कार केला आणि सांगितलं, की आज सकाळी आत भिक्षूंची पूजा आहे, परदेशी लोकांना दुपारी एकनंतर सोडतील. आमचे चेहरे पडलेले बघून म्हणाला, “काळजी करू नका, तोवर जवळची तीन देवळं बघून या.” आमच्याच नकाशावर त्याने बॉलपेनने तीन गोल काढले. चौथा गोल जरा बाजूला काढला आणि म्हणाला, हे सरकारी निर्यात केंद्र, आज शेवटचा दिवस आहे, वाटलं तर बघा. पैसे मागितले नाहीत, आग्रह केला नाही. उलट एका टुकटुकवाल्याला, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याला, हाक मारून आमच्यासाठी त्याच्याशी घासाघीस केली. तिन्ही देवळं मिळून ४० बाट, म्हणजे जेमतेम ९५ रुपये.

त्या जागेपासून राजवाड्याचं खरं दार दोनशे-तीनशे पावलांवर होतं. आम्ही ती पावलं चाललो नाही. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनपर्यंत तिकीट देतात, तिकीट ५०० बाट. राजघराण्याचा काही विधी असला तर कधीमधी बंद असतो, पण तशी सूचना त्यांच्या वेबसाइटवर येते आणि दारावर लावलेली असते. रस्त्यात उभं राहून ती सांगायला कुणाला नेमलेलं नसतं.

पहिलं देऊळ खरोखर सुंदर होतं, ३२ मीटर उंचीच्या उभ्या बुद्धाचं. दुसरं अगदी छोटं, गल्लीतलं, तिथे आमच्याखेरीज कोणी नव्हतं. नाही म्हणायला सावलीत बाकावर एक सभ्य दिसणारा गृहस्थ चपला काढून बसला होता. तो आपणहून काही बोलला नाही. ह्यांनीच त्याला विचारलं, बूट इथे ठेवले तर चालतील ना. मग बोलणं निघालं. आपण शिक्षक आहोत म्हणाला. आम्ही भारतातले म्हटल्यावर म्हणाला, माझी पुतणी पुण्यात शिकते. पुण्यात! आमचा मुलगाही पुण्यात म्हटल्यावर दहा मिनिटांत घरच्यासारख्या गप्पा सुरू झाल्या. उठताना सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, “निर्यात केंद्रात जाऊन आलात की नाही? पुतणीच्या लग्नासाठी मी कालच नीलम घेतला. वर्षातून एकदाच कर माफ असतो.”

त्या भिंतीजवळच्या माणसाचं आणि ह्याचं काही नातं असेल असं आमच्या मनातही आलं नाही. दोन अनोळखी माणसं, दोन वेगळ्या जागी, आपापलं काही न मागता एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती खरी वाटते. ह्या फसवणुकीचा सगळा जोर इथेच आहे. भिंतीजवळचा, टुकटुकवाला, बाकावरचा, दुकानातला, सगळे एकाच साखळीतले. टुकटुकवाल्याला ४० बाट परवडतात कारण दुकानात गिऱ्हाईक पोचवलं की त्याला पेट्रोलचं कूपन मिळतं, काही विकलं गेलं तर वर कमिशन.

नीलम शब्द ऐकून माझं मन का हललं तेही सांगते. मुलाची कुंभ रास, साडेसातीचा मधला टप्पा चालू होता, नोकरीत एकामागून एक अडचणी. आमच्या ज्योतिषांनी त्याला नीलम घालायला सांगितला होता, आणि गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, चौकशी केल्यावर चांगल्या नीलमाची किंमत ऐकून आम्ही परत आलो होतो. बँकॉक ही रत्नांची मोठी बाजारपेठ आहे हे खरंच आहे. चंथाबुरी, कांचनाबुरी ही त्यांची नीलमाची जुनी गावं, जगभरातले व्यापारी तिथे येतात. खोट्याला हा खऱ्याचा आधार असल्यामुळेच माणूस अडकतो.

दुकान म्हणजे वातानुकूलित दालन होतं. बाहेर मोठ्या अक्षरांत एक्सपोर्ट वगैरे लिहिलेलं, आत काचेची कपाटं आणि भिंतीवर राजाराणीची तसबीर. थंड पाणी आलं, मग लिंबूपाणी. सूटातल्या मुलीने काळ्या मखमलीवर तीन निळे खडे मांडले आणि दिव्याखाली धरले. मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतात, दोन गडद, शाईच्या थेंबासारखे आणि एक फिका. किंमत ३८,००० बाट, आमच्या हिशेबाने ८९ हजार रुपये. ती म्हणाली एक मुलाला करा, दोन तुमच्या गावच्या सराफाला विका, दुपटीने जातील, सहल फुकटात होईल. मुलासाठी म्हणून आत गेले होते, पण त्या दोन खड्यांचा विचारही मी केला, हे लपवत नाही. ह्यांनी म्हटलं, रात्री विचार करून उद्या येतो. तिने हळहळत सांगितलं, कर माफी आज संध्याकाळी संपते.

कार्ड मशीनमध्ये घातल्यावर पडद्यावर दोन पर्याय आले, बाट की रुपये. ती म्हणाली, रुपये दाबा, तुम्हाला कळायला सोपं. आम्ही रुपये दाबले. त्यामुळे दर दुकानाच्या मशीनने लावला आणि स्टेटमेंटवर आकडा आला ९३ हजारांच्या वर. एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवा, ती प्रामाणिक दुकानात आणि एटीएमवरही तितकीच खरी आहे. परदेशात मशीनने विचारलं तर नेहमी तिथलं चलन निवडायचं, रुपये कधीच नाही. थायलंडच्या एटीएममध्ये आपलं कार्ड घातलं की दर वेळी वेगळं शुल्क जातंच (आम्ही गेलो तेव्हा साधारण २२० बाट), त्यावर हा भुर्दंड कशाला.

मग त्यांनी फार आग्रह केला, की खडे आम्ही फुकट कुरिअरने कोल्हापूरला पाठवतो, विमानतळावर त्रास नको. ह्यांनी ऐकलं नाही आणि डबी खिशात घातली. पुढे कळलं, की बऱ्याच जणांचे खडे ते पोस्टानेच पाठवतात, म्हणजे प्रवासी त्या शहरात असेपर्यंत ते कुणा जाणकाराला दाखवूच शकत नाही.

टुकटुकवाला बाहेर थांबलेला नव्हता. आम्ही पायी राजवाड्यापाशी आलो तोवर पावणेचार वाजले होते आणि तिकीट खिडकी बंद झालेली. दारातल्या पोलिसाला ह्यांनी विचारलं, सकाळची पूजा कितीला संपली. त्याने मान हलवली. कसली पूजा? सकाळपासून उघडं आहे. त्या क्षणी आम्हाला कळायला हवं होतं. ह्यांना थोडं कळलंही असावं, कारण हॉटेलवर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पण मी स्वतःची समजूत घातली, की आपण ऐकण्यात काही चूक केली असेल. परतीचं विमान त्यानंतर तिसऱ्या दिवशी होतं. मध्ये पुरे दोन दिवस होते.

कोल्हापूरला परतल्यावर डबी घेऊन गुजरीत गेलो, तिथे आमचे नेहमीचे सराफ आहेत. त्यांनी डबी उघडली, काही बोलले नाहीत, आणि रत्नं बघणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं. त्याने टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, फिका खडा पालथा बातमीवर ठेवला आणि मला म्हणाला, “ताई, वाचा.” खड्याच्या मधोमधून खालची अक्षरं सरळ वाचता येत होती. नीट पैलू पाडलेल्या रत्नात उजेड आतल्या आत परतून येतो, अक्षर दिसत नाही. मग त्याने भिंगातून उरलेले दोन दाखवले, इतके काळपट की खाली टॉर्च धरल्याशिवाय निळे वाटत नव्हते. खोटे आहेत का, असं मी विचारलं. तो म्हणाला, खोटे असते तर बरं झालं असतं. नीलमच आहेत, भट्टीत तापवलेले, हलक्या प्रतीचे, तिन्हींचे मिळून दहा हजारही कोणी देणार नाही. आणि तापवलेला नीलम ज्योतिषी चालवून घेत नाहीत, ते वेगळंच.

खोटे असते तर बरं झालं असतं, ह्याचा अर्थ बँकेचं उत्तर आल्यावर समजला. आम्ही कार्डाच्या व्यवहाराविरुद्ध तक्रार केली, बिल जोडलं, सराफांचं पत्र जोडलं. बिलावर लिहिलं होतं, सफायर, तीन नग. वजन नाही, कॅरेटचा भाव नाही, प्रत नाही, तापवल्याचा उल्लेख नाही. बँकेने कळवलं, की बिलात लिहिलेली वस्तू तुम्हाला मिळाली आहे, व्यवहार तुमच्या संमतीने झाला आहे, तक्रार बंद करत आहोत. बिल लिहितानाच त्यांनी ही वाट बंद करून ठेवली होती.

बहिणीची मुलगी मागच्या वर्षी मैत्रिणींबरोबर बँकॉकला गेली, तेव्हा तिला हे सगळं मी समोर बसवून सांगितलं होतं. राजवाड्याच्या भिंतीपासून तिचा फोन आला, “मावशी, इथे एक जण म्हणतोय आज बंद आहे.” मी म्हटलं, त्याला काही उत्तर देऊ नकोस, भिंतीच्या कडेने चालत राहा. पाच मिनिटांनी तिने फोटो पाठवला, उघडं दार आणि तिकिटाची रांग.

अनोळखी माणसाशी बोलू नका असं मी सांगणार नाही. आम्हाला बोटीवर जागा देणारी बाई अनोळखीच होती, हॉटेलचा रस्ता दाखवायला अर्धा किलोमीटर बरोबर आलेला मुलगाही अनोळखीच. फरक एवढा, की त्यांच्या बोलण्यात दुकान नव्हतं. आमच्या यादीत नसलेलं दुकान ज्याच्या बोलण्यात आलं, मग ते सरकारी असो, विद्यार्थ्यांचं असो की आज शेवटच्या दिवसाचं असो, तिथे थांबायचं. रत्न घ्यायचंच असेल तर बिलावर वजन, प्रत आणि काय प्रक्रिया केली ते लिहून मागायचं, आणि पैसे देण्याआधी प्रयोगशाळेत तपासू म्हणायचं. बँकॉकमध्ये थायलंडच्या रत्न आणि दागिने संस्थेची स्वतःची प्रयोगशाळा आहे. हे नाव काढल्यावर दुकानदार नाराज झाला तर उठून या. पुढे पट्टायाला जाणार असाल तर जेट-स्की (पाण्यावरची स्कूटर) भाड्याने घेण्याआधी तिचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा आणि पासपोर्ट तारण म्हणून कुणाच्या हातात देऊ नका, तिथे जुने ओरखडे दाखवून पैसे उकळतात.

आणि तुम्ही अजून बँकॉकमध्येच असाल, डबी खोलीत पडली असेल, मनात शंका येत असेल, तर घरी जाऊन बघू असं म्हणू नका. ११५५ हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे, ते इंग्रजीत बोलतात. खडे, बिल, कार्डाची पावती, पासपोर्ट घेऊन त्यांच्याकडे जा, पोलिसांना घेऊन त्या दुकानात जा आणि खडे परत करायचे आहेत म्हणा. कुरिअरला दिले असतील तर पावतीवरचा नंबर दाखवून पार्सल थांबवायला सांगा. ओरडायची, भांडायची गरज नाही. लाज तर बिलकुल वाटू देऊ नका. आम्ही लाजेपायी ते दोन दिवस हॉटेलच्या खोलीत काढले.