मोठेबाबांच्या लघवीत रक्त – तालुक्याचा लघवीच्या आजाराचा दवाखाना, चार स्टार

मोठेबाबांची (वय 62) लघवी एकदम लाल झाली, दुखणं नाही जळजळ नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप साफ, मंग गावातल्यांचं सुरू, उष्णता झाली, सब्जा प्या, धन्याचं पाणी द्या. आम्ही सरळ इथं आणलं. शनिवारी नागपूरहून युरोलॉजीचे सर येतात, गर्दी लय असते, पण सर घाई नाही करत. आधी विचारलं बीट खाल्लं का, टीबीच्या गोळ्या चालू आहेत का (रिफॅम्पिसिननं लघवी केशरी-लाल होते), रक्त पातळ करायची गोळी घेता का, बिडी किती, घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) कोणाले आहे का. हे शेवटचं तर आपल्या विदर्भात विचारायलाच पाह्यजे.

सर म्हणे जळजळ-ताप असला तर बहुतेक इन्फेक्शन, कमरेतून जांघेत कळ मारली तर खडा, वय झालेल्या माणसाले प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेली, पण न दुखता रक्त अन् त्यात माणूस बिडीवाला, म्हणजे मूत्राशयाचा कॅन्सर नाही ना हे पाहावंच लागते, रक्त थांबलं तरी. लघवी तपासणी, सोनोग्राफी इथंच झाली, दुर्बिणीच्या तपासणीले नागपूर मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची) चिठ्ठी दिली. रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली, थंडी वाजून ताप आला तर शनिवारची वाट पाहू नका, रात्रीच निघा, हे कंपाउंडरनंही परत बजावलं.

एक स्टार कापला कारण सोनोग्राफीसाठी पाणी पाजून लघवी रोखून बसवतात अन् संडास एकच, त्याची कडी बी तुटकी.