दारातल्या लोडिंग गाड्या: शेजाऱ्याशी बोलणी, निगम, पोलीस की १८१?

सुदामा नगर असो, लोकमान्य नगर असो की रामबागेतली जुनी गल्ली, इंदुरात हा त्रास आता घरोघरी ऐकू येतो. शेजाऱ्याचा धंदा वाढला. आधी एक छोटा हाथी, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, होता, मग दुसरा आला, आणि आता टेंटहाउसचं सामान भरलेली आयशरची मोठी गाडी रात्रभर तुमच्या फाटकाला खेटून उभी असते. बोलून बघायचं, निगमकडे म्हणजे महापालिकेकडे जायचं, पोलिसांना सांगायचं की सरळ सीएम हेल्पलाइनचा १८१ लावायचा? बहुतेक जण संतापाच्या दिवशी हाताशी येईल तो पर्याय धरतात. तसं करू नका. यातला एक पर्याय आधी वापरला तर दुसऱ्याचं दार बंद होतं.

आधी तक्रार नेमकी कशाची, ते पक्कं करा. पिवळ्या पाटीची गाडी कॉलनीत उभी आहे एवढ्यावरून गुन्हा होत नाही. ठाण्यात जाऊन ‘धंद्याच्या गाड्या इथे लावतात’ इतकंच सांगितलं तर हवालदार हात वर करतो, आणि कायद्यानं त्याचं फारसं चुकत नाही. ‘परमिट रद्द करवीन’ ही धमकीही पोकळ आहे. मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे परमिटच लागत नाही, आणि छोटा हाथी त्यातच बसतो. तक्रार टिकते ती अडथळ्याची. फाटक अडलं, फुटपाथ व्यापला, वळणावर समोरचं दिसेना, अँब्युलन्स आत शिरेना. काय अडतं आणि किती वाजता, हे काही दिवस लिहून ठेवा. फोटोत तारीख, गाडीचा नंबर आणि तुमचं फाटक, तिन्ही एकत्र दिसू द्या.

बोलणी हा मला सगळ्यात चांगला पर्याय वाटतो, पण रिकाम्या हातानं गेलात तर तो वाया जातो. शेजारी गाडी घरापाशी का लावतो, ते समजून घ्या. लांब लावली तर डिझेल आणि बॅटरी चोरीला जाण्याची भीती असते, पहाटे सामान भरायचं असतं, ड्रायव्हर जवळच राहतो. दूर ट्रान्सपोर्ट नगरात लावा म्हणणं म्हणजे त्याला नाही म्हणायला लावणं. त्याऐवजी जवळचं मॅरेज गार्डन, ओळखीचा पेट्रोल पंप किंवा भिंत असलेला रिकामा प्लॉट महिन्याच्या भाड्यानं मिळतो का, हे तुम्हीच आधी विचारून या. चौकीदार असलेली जागा दाखवली की बोलणं भांडणावरून भाड्यावर येतं, आणि भाड्याचा प्रश्न सुटण्यासारखा असतो.

मागणीही एकच ठेवा. ‘सगळ्या गाड्या हलवा’ म्हटलं की पदरात काहीच पडत नाही. ‘फाटकाच्या दोन्ही बाजूंना आमची गाडी वळेल एवढी जागा सोडा आणि मोठी गाडी दुसरीकडे लावा’ हे मान्य होऊ शकतं. अडकलेल्या गाडीसमोर रात्री आरडाओरडा करून काही होत नाही. रविवारी सकाळी जा, आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्यांनी त्यांच्या घरातल्या मोठ्यांशी बोलावं. आपल्या गल्ल्यांमध्ये आजी-काकांच्या शब्दाला अजून वजन आहे, त्याचा उपयोग करून घ्यायला संकोच कशाला? ठरलं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहा: ‘भाऊ, सकाळी बोललो त्याप्रमाणे सोमवारपासून आयशर तिकडे लागेल ना?’ त्यांचं ‘हो’ आलं तर उत्तम. शब्द पाळला गेला नाही, तर तोच निरोप पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

रहवासी संघाचं पत्र एका घराच्या तक्रारीपेक्षा जड असतं, म्हणून ते घ्याच. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, फोननं काम लवकर होतं, पण शेजारीही त्यांचाच मतदार आहे. त्यामुळे तडजोड बहुतेक अर्धवट निघते.

निगमची इंदूर ३११ ॲप घरबसल्या वापरता येते आणि फोटोसह तक्रार नोंदवता येते. मात्र उभ्या गाडीपेक्षा रस्त्यावर मांडलेल्या पसाऱ्यासाठी ती जास्त कामाची: टेंटचे बांबू, क्रेट, रस्त्यावरच चाललेली दुरुस्ती, सांडलेलं ऑइल. नुसत्या उभ्या गाडीसाठी तुम्हाला ट्रॅफिक पोलिसांकडेच बोट दाखवलं जाईल. एक मुद्दा मात्र निगमला लगेच कळतो, तो म्हणजे कचरा गाडी. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या या शहरात सकाळची गाडी गल्लीत वळू शकत नसेल, तर झोन कार्यालयात ते सगळ्यात आधी सांगा. अर्ज करण्यापूर्वी आपलं घरही बघून घ्या. तुमचा ओटला (ओटा) किंवा गाडी चढवायचा रॅम्प रस्त्यावर आला असेल, तर रिमूव्हल गँग, म्हणजे निगमचं अतिक्रमण हटवणारं पथक, आल्यावर तो सोडून पुढे जाणार नाही.

पोलिसांचा रस्ता सर्वांत वेगवान आहे. फाटक पूर्ण अडलं असेल तर ११२. रोजचा त्रास असेल तर ठाण्यात आणि ट्रॅफिक शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी पोलीस उचलू शकतात आणि खर्च मालकावर पडतो. म्हणजे रात्री नऊला लावून सकाळी सहाला निघणारी गाडी १० तासांच्या अटीतून सुटते, सुट्टीच्या दिवशी जागची न हलणारी अडकते. अर्जात तास लिहायचे ते यासाठी. पहाटेच्या हॉर्नचा वेगळा उल्लेख करा, कारण रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्नला मनाई आहे. चालान झालं तरी दंड शेकड्यांत असतो आणि धंदेवाला तो खर्चात धरतो. तुमचा शेजार मात्र त्या रात्रीच तुटतो. म्हणून बोलणी फिसकटल्याशिवाय हे करू नये असं मला वाटतं. घरात आजारी माणूस असेल तर मात्र थांबू नका.

१८१, म्हणजे सीएम हेल्पलाइन, पोलिसांपेक्षा हळू, पण चिवट. वेळेत निराकरण झालं नाही तर तक्रार एल-१ वरून एल-४ पर्यंत वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते. तिचा कच्चा दुवा शेवटी असतो. गाडी एक दिवस हलते, फोन येतो, ‘समाधान झालं ना?’ तुम्ही भिडेखातर हो म्हणता आणि चौथ्या दिवशी आयशर परत येते. काही दिवस बघून सांगतो, असं नम्रपणे सांगा. कोर्टात चालू असलेलं प्रकरण १८१ घेत नाही, तेव्हा कोर्टाआधी ही पायरी वापरून घ्या. कलेक्टर कार्यालयातली मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, याच जातीची, फरक इतकाच की तिथे अधिकारी समोर बसलेला असतो. कॉलनीतल्या आठ-दहा घरांनी मिळून जाण्यासाठी ती १८१ पेक्षा बरी.

गाड्यांमागे रस्त्यावर चालणारा आख्खा धंदाच असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. सार्वजनिक वाटेतला अडथळा किंवा उपद्रव हटवायचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. समोरच्यानं हरकत घेतली तर कारवाई ९० दिवसांत, फार तर १२० दिवसांत पूर्ण करायची अट संहितेत आहे. एकट्यानं अर्ज केला तर हा दोन घरांचा वाद दिसतो, म्हणून सह्या गोळा करा. दिवाणी दाव्याला वर्षं जातात. पार्किंगसाठी मी तो सुचवणार नाही.

माझी पसंती अशी: भाड्याची जागा शोधून बोलणी, मग संघाचं पत्र, मग ठाणं आणि १८१ एकाच आठवड्यात, दोन्हीकडे तेच फोटो आणि त्याच वेळा. शेजारी स्वतः भाडेकरू असेल तर सुरुवात त्याच्या घरमालकापासून करा. बऱ्याचदा त्याला गाड्यांचा पत्ताच नसतो.