इम्टेक्ससाठी घेतलेला दासरहळ्ळीचा फ्लॅट: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, कारण जानेवारीतल्या इम्टेक्सच्या, म्हणजे मशिन टूल्सच्या मोठ्या प्रदर्शनाच्या, बुकिंगची घाई सगळ्यांनाच आहे. बंगळुरूला बीआयईसीत (हे प्रदर्शन भरतं ते केंद्र) स्टॉल लावायला चार-पाच माणसं आणि सामान घेऊन जाणार असाल, तर हॉटेलच्या दोन-तीन खोल्यांऐवजी एक अख्खा फ्लॅट घ्या, आणि तो मेट्रोच्या हिरव्या लाइनवर यशवंतपूर ते नागसंद्र याच पट्ट्यात घ्या. नुसतं प्रदर्शन बघायला दोन दिवस जाणार असाल, तर फ्लॅटच्या भानगडीत पडू नका. यशवंतपूरला साधी खोली घ्या, मेट्रोने जा-या करा, परत या.

आमचं कोल्हापूरजवळ शिरोलीला फिक्स्चरचं (मशिनवर काम चालू असताना जॉब पकडून ठेवणारी साधनं) छोटं वर्कशॉप आहे. नवरा आणि दीर मशिनवर. हिशोब, कोटेशन आणि प्रदर्शनाची सगळी उठाठेव माझ्याकडे. २०२५ च्या इम्टेक्सला (२३ ते २९ जानेवारी) आम्ही दासरहळ्ळीत तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला. तिथे मिळालेल्या चौकशांतून पीण्यातली (बंगळुरूची औद्योगिक वसाहत) दोन-तीन कामं आली, फिटिंगसाठी वर्कशॉपमधल्या पोरांचं येणं-जाणं सुरू झालं, आणि तोच फ्लॅट आधी आठवड्याच्या हिशोबाने, मग महिन्याच्या भाड्याने चालू राहिला. प्रदर्शनाच्या आठवड्यात तो जसा वाटला आणि एप्रिल-मेमध्ये जसा निघाला, यात बराच फरक आहे.

जागेचं आधी. बुकिंगच्या साइटवर ‘बंगळुरू’ टाकलं की इंदिरानगर, कोरमंगला, व्हाइटफील्ड इथले बाल्कनीत कुंड्या लावलेले देखणे फ्लॅट समोर येतात. त्यांचा आपल्याला काही उपयोग नाही. बीआयईसी तुमकूर रोडवर, शहराच्या वायव्य टोकाला आहे. व्हाइटफील्डहून यायचं तर जांभळ्या लाइनने मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलून हिरवी लाइन, म्हणजे अख्खं शहर ओलांडणं. आपल्याकडून गाडीने जाणाऱ्यांना उलट सोय आहे. निपाणी, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर करत आपण ज्या रस्त्याने येतो त्यावर बीआयईसी शहराच्या आधीच लागतं. शहरात आत शिरायची गरजच पडत नाही.

नागसंद्रच्या पुढे मादावरपर्यंतची मेट्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली आणि सगळं गणित बदललं. मादावर स्टेशन बीआयईसीच्या दाराशी आहे. त्याआधी नागसंद्रला उतरून रिक्षावाल्यांशी घासाघीस चालायची, आणि प्रदर्शनाच्या आठवड्यात ते काय दर सांगायचे ते विचारू नका. दासरहळ्ळीहून मादावर चौथं स्टेशन. यशवंतपूरहून धरलं तरी वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. रेल्वेने येणाऱ्यांसाठी यशवंतपूरच सोयीचं: राणी चन्नम्मा एक्सप्रेस तिथे थांबते आणि मेट्रो स्टेशन लागूनच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचं भाडं वाढलं, कमाल तिकीट ६० रुपयांवरून ९० झालं. तरीही गोरगुंटेपाळ्याच्या चौकात गाडीत बसून राहण्यापेक्षा ते परवडतं. नेलमंगलच्या बाजूला हायवेवर स्वस्त लॉज दिसतात. तिथे मेट्रो नाही आणि रात्रभर ट्रकांचे हॉर्न. आमच्या ओळखीचे एक फाउंड्रीवाले तिथे राहिले, ते स्टॉलवर रोज जांभया देत होते.

आता तारखा. प्रदर्शनाची तारीख बघून बुकिंग करणारे पुष्कळ असतात, पण स्टॉल लावायला आधीचे दोन दिवस लागतात आणि शेवटच्या संध्याकाळी स्टॉल उतरवून, पेट्या बांधून होईतो रात्र होते. म्हणजे फ्लॅट दोन दिवस आधीपासून आणि शेवटची रात्र धरून हवा. शिवाय रात्रीचा प्रवास करून आपण पोचतो सकाळी सहाला आणि चेक-इन असतं दुपारी दोनला. हा प्रश्न बुकिंगच्या आधी फोनवर सोडवा, मेसेजवर नको. आमच्या फ्लॅटचे मालक त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. नवरा-बायको दोघंही निवृत्त, आम्ही त्यांना अप्पा-अम्मा म्हणतो. पहिल्या दिवशी सकाळी सातच्या आत पोचलो तर अम्मांनी दार उघडून कॉफी दिली आणि वरच्या खोल्या साफ होईपर्यंत सामान जिन्याखाली ठेवू दिलं. मालक त्याच इमारतीत आहे का, या एका प्रश्नाला मी आता बाकी सगळ्या सोयींच्या वर धरते.

मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये याच्या नेमकं उलट होतं. तिथल्या बऱ्याच असोसिएशनना अल्प मुदतीची भाडी मान्य नसतात. मालक गुपचूप देतो आणि गेटवर आपण ‘त्यांचे नातेवाईक’ होतो. प्रत्येक माणसाचा ओटीपी, प्रत्येक पेटीची चौकशी. आम्ही नंतर एकदा पोरांसाठी अशा एका सोसायटीत घर घेऊन बघितलं. रात्री अकराला मशिन चालू करून परतलेल्या पोरांना वॉचमनने अर्धा तास बाहेर उभं केलं आणि मालकाचा फोन बंद. पोरींना घेऊन जाणार असाल तर गेट असलेली सोसायटी सुरक्षित वाटते, ते ठीक, पण असोसिएशनची परवानगी लेखी आहे का ते विचाराच.

फ्लॅट आम्हाला खरा कामाला आला तो गोडाऊन आणि ऑफिस म्हणून. लहान स्टॉलमध्ये सामान ठेवायला कुलपाचं एक काउंटर मिळतं, त्यात ब्रोशरचे दोन गठ्ठे मावतात. बाकी कॅटलॉगच्या पेट्या, नमुन्याची फिक्स्चर, ॲलन की, पुसायची फडकी, गंजू नये म्हणून लावायचं तेल, हे सगळं हॉलमध्ये एका भिंतीला लावलं. पहिला मजला होता म्हणून जमलं. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही असं असेल, तर वीस-पंचवीस किलोचं फिक्स्चर कोण वर नेणार?

आणि रात्रीचं काम. जेवणाच्या टेबलावर दिवसभराची व्हिजिटिंग कार्डं पसरून कोणाला काय हवंय ते लिहून काढायचं, सकाळच्या आत दोन-चार कोटेशन पाठवायची. हॉटेलात माणसं विखुरली की नऊला प्रत्येकाच्या खोलीत टीव्ही लागतो आणि ‘तो जाड मिशीवाला काय म्हणत होता’ हे दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. पीण्यातलं आमचं पहिलं काम अशाच रात्री पाठवलेल्या कोटेशनमधून आलं. म्हणून फोटोत सोफा किती मऊ दिसतो ते बघू नका. सहा माणसं बसतील असं टेबल आणि त्यावर नीट दिवा आहे का ते बघा.

झोपण्याच्या जागेबाबत ‘आठ जणांची सोय’ असं लिहिलेलं असतं, त्यात दोन जण सोफ्यावर धरलेले असतात. बाथरूम मोजा. पाच माणसांना साडेआठला एकाच वेळी बाहेर पडायचंय, तर दोन बाथरूम लागतातच. जानेवारीत तिथली सकाळ पंधरा-सोळा अंशांची असते. आमच्याकडे एका बाथरूमला मोठा गिझर आणि दुसऱ्याला भिंतीवरचा तीन लिटरचा छोटा, त्यात दुसऱ्या माणसाला गार पाणी. सगळे जण आमच्या वयस्कर फिटरना, मामांना, पहिला नंबर देत होते. मामा पाऊण तास लावायचे.

पाण्याचा खरा प्रश्न उन्हाळ्यात कळला. प्रदर्शनाच्या आठवड्यात नळ जोरात होता, त्यामुळे विचारायचं सुचलंही नसतं. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूची पाणीटंचाई देशभर गाजली होती. शहराच्या कडेच्या भागांत पुष्कळ घरं बोअर आणि टँकरवर चालतात. आमच्या इमारतीत कावेरीचं (सरकारी नळाचं) पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोअर. एप्रिलमध्ये बोअर खाली गेला, टँकर मागवायला लागले आणि अप्पांनी टँकरचा वाटा वेगळा मागितला. वाजवी होता, दिला. बोअरचं पाणी जड, साबणाचा फेस होत नाही, किटलीत पांढरा थर बसतो. प्यायला वीस लिटरचे कॅन. लांब मुदतीला घर घेणार असाल तर कावेरीचं कनेक्शन आहे का आणि टँकरचे पैसे कोणाचे, हे आधीच बोलून घ्या. मी आता मालकाकडून सकाळी सातला चालू नळाचा व्हिडिओ मागवते. लोक हसतात, पण पाठवतात.

रिव्ह्यू वाचतानाही हेच. शनिवार-रविवार लग्नाला आलेल्या कुटुंबाचे पाच तारे आपल्या कामाचे नाहीत. जानेवारीत, कामासाठी, आठवडाभर राहिलेल्या माणसाने काय लिहिलंय ते शोधा. वायफाय, पाणी, इन्व्हर्टर यांबद्दल तोच खरं लिहितो. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे चालतात, राउटर नाही. हे एका जुन्या रिव्ह्यूत स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता बिलाचं, इथे जरा सविस्तर. ‘जीएसटी बिल मिळेल’ असं सांगून हॉटेलवाले आणि फ्लॅटवाले जास्त भाव लावतात. राहण्याच्या सेवेवरचा कर जिथे ती जागा आहे त्या राज्याचा लागतो, म्हणजे केंद्राचा आणि कर्नाटकचा. आपली नोंदणी महाराष्ट्रात, त्यामुळे त्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या भरायच्या जीएसटीतून वजावट, आपल्याला मिळत नाही. बिल हवंच, पण खर्च दाखवायला. क्रेडिटच्या आशेने जास्त पैसे मोजू नका. दुसरं, दराची पायरी. दिवसाला एका युनिटचे ७,५०० रुपयांपर्यंत असतील तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के (आम्ही राहिलो तेव्हा १२ होते), त्यावर गेलं की १८ टक्के. साडेचार हजारांच्या दोन खोल्या घेतल्या तर कर ४५० रुपये. नऊ हजारांचा अख्खा फ्लॅट एकच युनिट धरला तर १,६२०. प्रदर्शनाच्या आठवड्यात दर वाढलेले असतात, तेव्हा फ्लॅट हमखास वरच्या पायरीवर जातो. तरी आम्हाला फ्लॅटच स्वस्त पडला, पण साइटवर मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा धरून तुलना करू नका.

महिन्याच्या भाड्यावर गेलो तेव्हा सीएने वेगळीच गोष्ट काढली. १८ जुलै २०२२ पासून नोंदणी असलेल्या व्यवसायाने राहतं घर भाड्याने घेतलं तर रिव्हर्स चार्जने कर भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते. त्यात घर परराज्यात. कंपनीच्या नावाने करार करण्याआधी आपल्या सीएला विचारा, घरमालकाला याची कल्पना नसते. नेहमीचा अकरा महिन्यांचा करार आम्ही टाळला, कारण बंगळुरूत डिपॉझिट म्हणून कित्येक महिन्यांचं भाडं एकदम मागतात. सामानासकट महिन्याला थोडं जास्त भाडं आणि एका महिन्याचं डिपॉझिट, यावर अप्पांशी जमलं.

तुमच्याबरोबर परदेशी पाहुणा उतरणार असेल, तर मालकाला त्याची नोंद २४ तासांत सरकारी पोर्टलवर करावी लागते. पुष्कळ घरमालकांना हे जमत नाही किंवा करायचं नसतं. पाहुण्याला सरळ हॉटेलात ठेवा.

स्वयंपाकघर थोडक्यात: इंडक्शन, दोन पातेली, कुकर. सकाळी स्टेशनजवळच्या दर्शिनीत (तिथलं उभ्याने खायचं छोटं हॉटेल) इडली-वडा आणि कॉफी, रात्री पिठलं-भात. एक महत्त्वाचं, काही घरमालक मांसाहाराला सक्त मनाई करतात आणि ते जाहिरातीत खालच्या ओळीत लिहिलेलं असतं. कोल्हापूरची पाच माणसं आठवडाभर घरात ठेवायची तर हे आधी बघा. अम्मांचा बाहेरून आणून खायला विरोध नाही, घरात शिजवायला आहे. मामा निपाणीकडचे, कन्नड बोलतात, त्यांनी बरीच वाटाघाट केली. अम्मांनी त्यांच्या कन्नडचं कौतुक केलं आणि नियम तोच ठेवला.

जानेवारी २०२६ ला इम्टेक्सचंच फॉर्मिंगचं (धातूला दाबून-वाकवून आकार देणाऱ्या मशिनचं) प्रदर्शन आहे. आमचा स्टॉल नाही, पण दीर आणि दोन पोरं बघायला जाणार आहेत, आणि पीण्याचं कामही आहेच. अप्पांनी त्या आठवड्याचा दर वाढवून सांगितलाय. मी दुसऱ्या बाथरूमला मोठा गिझर बसवून मागितलाय. बघू कोण आधी कबूल होतंय.