पुण्याहून न्यूयॉर्क: मुंबई गाठावी की दिल्ली?

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची आणि तळ हवाई दलाचा. अमेरिकेपर्यंत पुरेल एवढं इंधन भरलेलं मोठं विमान तिथून उडू शकत नाही. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला न्यूयॉर्कला निघालेल्या आई-बाबांसाठी तिकीट काढताना आधी ठरवायचं ते हेच: मुंबई की दिल्ली.

किलोमीटर मोजत बसू नका. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ सुमारे १२,५५० किमी. लंडनला उतरून गेलात तरी ७,२०० आणि ५,५५० मिळून १२,७५०च. पुण्याहून दिल्लीमार्गे साधारण १२,९५०. चारशे किलोमीटर म्हणजे आकाशात अर्धा तास. खरा वेळ जातो तो जमिनीवर.

मुंबईचं थेट विमान सोळा तासांच्या आसपास घेतं. पण कोथरूडहून मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरची टॅक्सी, म्हणजे एरवी साडेतीन-चार तास. खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला की सगळाच हिशेब कोसळतो. विमानाच्या आठ तास आधी घर सोडा, पावसाळ्यात नऊ.

दिल्लीमार्गे एकाच तिकिटावर गेलात तर बॅगा लोहगावलाच सोपवून मोकळं होता येतं. दोन तासांत दिल्ली. आई-बाबा एकटेच जाणार असतील तर हे सुख मोठं आहे. मात्र एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केल्यावर दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना गुजरातकडून अरबी समुद्रावर वळसा घ्यावा लागला. मुंबईला त्याची झळ बरीच कमी, कारण तिथून समुद्र लगेचच लागतो. तिकीट काढताना एकूण तास आणि मधला थांबा दोन्ही पाहा.

माझं मत ऋतूवर ठरतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यावर भरवसा नको, तेव्हा मुंबईच. जुलै-ऑगस्टात घाट टाळून दिल्ली. गुडघे दुखत असतील तर मात्र लांबचं थेट विमान सोडा आणि मुंबईहून लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे जा. नऊ तास, मग आठ तास, मध्ये पाय मोकळे होतात. अबू धाबीलाही एक सोय आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, पलीकडे उतरल्यावर ती रांग नाही.

दुबईपर्यंत एक तिकीट आणि पुढे दुसरं, असं स्वस्तातलं जोडकाम वडीलधाऱ्यांसाठी करू नका. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

परतताना वारा पाठीशी असतो, तास-दीड तास वाचतो. दिल्लीमार्गे येत असाल तर बॅगा तिथे कस्टमसाठी उचलून पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून थांबा किमान चार तासांचा ठेवा आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.