नागपूरच्या उन्हाळ्यात नव्या फोनची बॅटरी: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुढीपाडव्याच्या सुमारास घेतलेल्या माझ्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची आहे, आणि आता दिवाळीपर्यंतच्या वापरात तिने नागपूरचा कडक उन्हाळा आणि दमट पावसाळा दोन्ही अनुभवले आहेत. फोन किती टक्क्यांवर चार्जिंगला लावावा यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. मात्र तो कोणत्या तापमानात चार्ज होतो, हा प्रश्न या शहरात आधी विचारायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

लिथियम-आयन बॅटरीची रासायनिक झीज उष्णतेने वेगाने होते आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना तापली, तर ही झीज आणखी वाढते. अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस इतके सभोवतालचे तापमान योग्य मानते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि गच्चीखालच्या खोलीच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात. म्हणूनच नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होण्याच्या कितीतरी आधी मी दुपारचे चार्जिंग थांबवले. पहाटे उठल्यावर, कव्हर काढून, गादीवर किंवा उशीखाली नव्हे तर मोकळ्या टेबलावर फोन लावायचा, हा नेम पावसाळ्यापर्यंत पाळला. कूलर चालू असलेल्या खोलीत चार्ज करायला हरकत नाही, पण त्याच्या ओलसर झोतासमोर फोन ठेवू नये. चार्जिंगच्या खाचेत ओल जाणे बरे नव्हे.

सीताबर्डीहून वर्धा मार्गाने बुटीबोरीकडे दुचाकीने जाताना हँडलवरच्या स्टँडमध्ये नकाशा चालू ठेवला, की उन्हात स्क्रीनचा उजेड आपोआप मंद होतो, आणि त्याच वेळी पॉवर बँक जोडलेली असेल तर चार्जिंग थांबते. हा बिघाड नाही. फोन स्वतःला वाचवत असतो आणि त्याला सावलीत थोडा वेळ द्यावा, एवढेच करायचे असते. तापलेला फोन लगेच फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला मात्र कोणी ऐकू नये, कारण आत बाष्प साचू शकते.

सेटिंगमधील ८० टक्क्यांची मर्यादा मी रोज चालू ठेवतो. तिची किंमत उघड आहे: वापरायला सुमारे ४००० एमएएचच उरतात. बाहेरगावी जायचे असेल त्या दिवशी मी ती काढतो आणि निघण्याच्या जरा आधी १०० टक्के होईल असे बघतो, म्हणजे भरलेली बॅटरी रात्रभर तशीच राहत नाही. वेगवान चार्जर घाईच्या वेळी फार उपयोगी पडतो. निवांत असताना कमी वॅटचा जुना अ‍ॅडॉप्टर वापरला तर फोन हाताला जाणवण्याइतका कमी तापतो.

नवा फोन आधी आठ तास चार्ज करावा आणि अधूनमधून पूर्ण उतरवावा, हे दुकानदार अजूनही सांगतात. पूर्ण उतरवण्याची ती सवय निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली आहे. लिथियम-आयनला तिची गरज नाही, उलट वारंवार शून्यावर नेल्याने ताणच पडतो.

सकाळी ८० टक्क्यांवर निघालेला फोन शहरात असताना रात्रीपर्यंत पुरतो. सिग्नल कमकुवत असलेल्या भागात तो लवकर उतरतो, कारण फोनमधल्या सिग्नल पकडणाऱ्या रेडिओला जास्त शक्ती लागते. तिथे ५जी बंद करून ४जीवर राहिल्याने मला स्पष्ट फरक जाणवला, आणि स्क्रीन ओएलईडी (काळ्या भागाला जवळपास वीज न लागणारी) असल्याने काळ्या पार्श्वभूमीचाही थोडा हातभार लागला.