सरावाची डबी की मॅचची? १० मीटर एअर रायफलचे पेलेट निवडताना

नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आणणारा स्वप्नील कुसाळे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात इतकं घडत असताना सांगली-मिरजेतली पोरं रायफलकडे वळणारच. पोरगं क्लबात रुळलं की कोच सांगतात, "आता पेलेट (एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्या) स्वतःचे आणा." मग घरात एकच चर्चा सुरू होते: स्वस्तातली सरावाची डबी घ्यायची, की त्याच्या कितीतरी पट किमतीची जर्मन नाहीतर चेक मॅचची, म्हणजे स्पर्धेची?

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवशिक्याने मॅचच्या डबीवर पैसे घालू नयेत. ज्याचा हात बसलाय, त्यानेही डबीवरचं नाव बघून घेऊ नये. आपल्या नळीतून मारून बघावं आणि मग घ्यावं.

कोयना खोऱ्यात जुन्या माणसांकडून ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी ऐकायला मिळतात. दारू किती भरायची, गोळी कुठली, वर चिंधी किती घट्ट ठासायची, सगळा हिशेब ज्याचा त्याने लावायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. एअर रायफलमध्ये दारूच नाही. हवेचा दाब कारखान्यात लावून आलेला असतो, त्याला आपण हात लावायचा नाही. आपल्या हातात बदलण्यासारखं उरतं ते पेलेट. म्हणून काम सोपं आहे, पण पद्धत तीच.

आधी टार्गेटचा हिशेब. १० मीटरच्या कार्डावर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेट ४.५ मि.मी.चा असल्यामुळे त्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी १०.० मिळतात, म्हणजे भोकाचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरवर असलं तरी चालतं. तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ वाढतो आणि शेवट १०.९ ला होतो. साठ शॉटचे जास्तीत जास्त ६५४. आता प्रत्येक शॉट सरासरी पाव मिलिमीटर मध्याकडे सरकला, तर साठ शॉटमध्ये सहा गुण वाढले. राज्य पातळीवर सहा गुणांत कितीजण मागे पडतात हे निकालाचा तक्ता बघितलेल्या कुणालाही माहीत आहे. मॅच पेलेटची जाहिरात इथूनच सुरू होते, आणि तेवढ्यापुरती ती खोटीही नाही.

मेख आहे ती पुढे. कार्डावर जो ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, दिसतो, त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: हाताचं हलणं आणि पेलेटचं विखुरणं. या दोन्हींची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करायचे, मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. समजा मुलीचा उभ्याने हात १२ मि.मी.त फिरतो आणि सरावाचा पेलेट स्वतः ३ मि.मी.त विखुरतो. ग्रुप येईल साधारण १२.४ मि.मी. तिला १ मि.मी.त बसणारा मॅच पेलेट दिला तर येईल १२.०. एवढ्याशा फरकासाठी महिन्याला डब्यांमागून डब्या? आता हेच गणित ३ मि.मी.त हात बसलेल्या मुलासाठी करा. सरावाच्या पेलेटने ४.२, मॅचच्या पेलेटने ३.२. इथे पूर्ण एक मिलिमीटर हातात येतो. पेलेट दोघांचे तेच, पण एकीचे पैसे पाण्यात आणि दुसऱ्याचे कामाला.

म्हणून नवशिक्याने सरावाची डबी घ्यावी, चपट्या तोंडाची. चपटं तोंड कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतं आणि गुण वाचता येतात. टोकदार आणि घुमटाकार पेलेट इथे कामाचे नाहीत. घुमटाकार लांब पल्ल्याला चांगले. टोकदार फक्त दुकानदाराच्या कौतुकाचे. सरावाच्या डबीत मात्र एक काम वाढतं. मूठभर पेलेट पांढऱ्या कागदावर पसरा आणि मागची घेराची कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती बघा. दबलेली, चिरलेली, आत शिशाचा कीस अडकलेली निघाली तर बाजूला काढा. तिरप्या उजेडात चेपलेला स्कर्ट लगेच कळतो. गोल सावलीत एक बाजू सपाट दिसते. भरतानाही बोटाला कळतं: एक पेलेट सहज सरकतो, पुढचा अडतो, त्याच्या पुढचा ढिला जातो. ज्या डबीत असं सारखं होतं, तिचा ग्रुप मोजायची गरज नाही.

मॅचच्या डब्यांत आर.डब्ल्यू.एस.ची आर-१० आणि एच. अँड एन.ची फिनाले मॅच या जर्मन, जे.एस.बी. चेक. डबीत ५०० नग. रायफलसाठीचा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा, पिस्तुलाचा त्याहून हलका. ऑनलाइन मागवताना हे वजन नीट वाचा. स्टिकरवर आणखी दोन गोष्टी असतात, हेड साइज आणि लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर. हेड साइज म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१ असा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने चढणारा. मोठा तो चांगला असं काही नाही, आणि महाग तो आपल्या नळीला मानवेल असंही नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळे लॉट पसंत करतात. त्यामुळे क्लबातल्या मोठ्या नेमबाजाची डबी बघून तीच मागवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालणं.

मग आपल्या नळीला काय मानवतं ते बघायचं कसं? तीन वाटा आहेत: व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) आवळून, वाळूच्या पिशवीवर ठेवून, किंवा जॅकेट घालून उभ्याने.

तिसरी वाट मला पटत नाही. उभ्याने मारलेल्या ग्रुपात वर सांगितलेला हात सगळं झाकून टाकतो, आणि माणूस महागड्या डबीच्या वेळी नकळत जास्त मन लावून मारतो. आत्मविश्वासासाठी मारायचं तर खुशाल मारा, निकाल म्हणून धरू नका.

व्हाइस की पिशवी हे रायफलीवर ठरतं. मॅचची पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, असेल तर व्हाइस उत्तम. तिला धक्का जवळजवळ नसतो, नेम धरायची गरज उरत नाही आणि माणूस हिशेबातून बाहेर जातो. फक्त नळीला आवळू नका, दस्त्याला नाहीतर अ‍ॅक्शनला (नळीमागच्या यंत्रणेच्या भागाला) पकडा, मध्ये रबर घाला आणि टेबल भिंतीला टेकवा. हलणाऱ्या टेबलावरचा व्हाइस पिशवीपेक्षा वाईट.

स्प्रिंगची रायफल व्हाइसमध्ये घालू नये. पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्टन सुटतो, आपटतो आणि रायफल मागे-पुढे हलते. तिला घट्ट धरलं की ग्रुप उघडतो. तिला मोकळं हलू द्यावं लागतं, म्हणून वाळूच्या पिशवीवर उघडा तळहात, तळहातावर रायफल, आणि दर वेळी हात त्याच जागी. दस्त्याखाली पेन्सिलीची खूण केली तर जागा चुकत नाही. उन्हाळ्यात सांगलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी आतलं ग्रीस पातळ होऊन वेगही बदलतो, तेव्हा स्प्रिंगवाल्यांनी सगळ्या डब्या एकाच सकाळी उरकाव्यात.

पद्धत दोघांना सारखीच. नवीन डबी लावली की पहिले आठ-दहा शॉट मोजू नका, नळीला त्या शिशाची सवय होऊ द्या. मग दहा-दहाचे ग्रुप, दर ग्रुपला कोरं कार्ड. पाचाचे ग्रुप दिसायला छान असतात, म्हणूनच लोक त्यांचे फोटो टाकतात. त्याच पेलेटचा दहाचा ग्रुप सरासरीने पाचाच्या साधारण सव्वापट येतो, तेव्हा एकाचा पाच आणि दुसऱ्याचा दहा अशी तुलना कधीच करू नका. डब्या आलटून-पालटून मारा: पहिली, दुसरी, तिसरी, मग तिसरी, दुसरी, पहिली. सिलिंडरचा दाब उतरला, ऊन चढलं, डोळा थकला, तर त्याचा फटका सगळ्यांना सारखा बसतो. उभा पंखा बंद ठेवा. कॅलिपरने भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं जास्तीत जास्त अंतर घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. सगळ्यात लहान ग्रुप कुणाचा ते बघू नका, सरासरी कुणाची लहान ते बघा. बाहेर गेलेला एखादा शॉट "माझ्याकडून गेला" म्हणून खोडायची सवय फार वाईट. व्हाइसमध्ये रायफल असताना तो तुमच्याकडून गेलेला नसतो.

हे सगळं दहा मीटरच्या हॉलमध्ये होतं हे आपलं भाग्यच. ५० मीटरच्या .२२ रायफलवाल्यांना गोळ्यांचा लॉट निवडायला एली, लापुआसारख्या कारखान्यांच्या टेस्ट रेंजवर रायफल घेऊन जावं लागतं. आपल्याला पेलेट ट्रॅप (पेलेट अडवणारी पेटी), मागे भक्कम भिंत आणि मध्ये कुणी येणार नाही याची खात्री एवढं पुरतं. गच्चीवर मात्र नको. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे आणि तोपर्यंत चहाला हात लावायचा नाही, हे पोरांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन. पहिलं वर्ष सरावाची डबी, निवडून. व्हाइसमधला पेलेटचा ग्रुप आणि उभ्याने येणारा ग्रुप यांत तिपटीहून कमी फरक उरला की मॅचच्या दोन-तीन हेड साइजची एकेक डबी मागवायची, जमल्यास क्लबातल्या चौघांनी मिळून. प्रत्येकाने आपापल्या रायफलीतून मारून बघायचं. जो लॉट जिंकेल त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या लगेच घ्यायच्या. सहा महिन्यांनी तेच नाव, तीच हेड साइज मिळते, पण लॉट दुसरा असतो आणि सगळं पुन्हा तपासावं लागतं. रोज शंभर शॉट धरले तर डबी पाच दिवसांत संपते. सराव स्वस्तातल्यावर आणि मॅचचे फक्त स्पर्धेच्या आधीचे पंधरा दिवस, अशी विभागणी बऱ्याच घरांना परवडते. पेलेट बदलला की साइट (नेम धरायची) पुन्हा लावावी लागते, तेवढं लक्षात ठेवा. आणि जिंकलेल्या लॉटची शेवटची डबी पूर्ण संपवू नका. पन्नास-साठ पेलेट चिठ्ठी लावून बाजूला ठेवा, नवा लॉट आला की त्याच्या शेजारी मारायला.