लिबजीपीआयओडी : द्राक्षाचा एक हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

लिनक्समध्ये बोर्डाच्या पिन चालू-बंद करायची जुनी पद्धत म्हणजे सिसएफएस, त्यात ठरावीक फाइलींत लिहून पिन हलवायची; नवी म्हणजे लिबजीपीआयओडी ही लायब्ररी. सिसएफएस सोडून लिबजीपीआयओडीवर आलो ते हौसेने नाही. ऐन हंगामात व्हॉल्व्ह बंद पडले म्हणून आलो. आमचे ठिबकचे कंट्रोलर दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत चालतात. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, आठ चॅनेलचा ऑप्टोवाला (प्रकाशाने विलग केलेला) रिले बोर्ड आणि व्हॉल्व्ह उघडणारे २४ व्होल्टचे सोलेनॉइड, एवढाच मामला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाणी-खताची गडबड सुरू असताना एका बागायतदाराचा फोन आला, "साहेब, लाइट आली, पंप चालू झालाय, पण एक व्हॉल उघडंना." पंप ऑटो स्टार्टरवर, त्यामुळे तो आपला चालू. पाणी मात्र पुढे जाईना.

लॉग उघडला. पिन मागायच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये १७ लिहिलं की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. अपडेटबरोबर कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.६ आला होता आणि त्यात पायच्या पिन नंबरांची सुरुवात ० ऐवजी ५१२ वर गेली होती. म्हणजे १७ नंबरची पिन आता ५२९. स्क्रिप्टमध्ये ५१२ मिळवले की पाच मिनिटांत काम झालं असतं, आणि आमच्या भागीदाराचं म्हणणंही तेच होतं. पण हा नंबर हार्डवेअरचा नाहीच. कर्नलने चिप (पिनांचा एकेक गट) सापडतील तसे वाटलेले ते नंबर आहेत, उद्या पुन्हा बदलतील. सिसएफएसची ही पद्धत २०२० नंतर काढून टाकू, असं कर्नलच्या कागदपत्रांत कधीपासून लिहिलेलं आहे. तिच्या जागी आलेलं, लिबजीपीआयओडी जे वापरते ते कॅरॅक्टर डिव्हाइस तर २०१६ पासून, म्हणजे कर्नल ४.८ पासून आहे. म्हणून सगळंच बदलायला घेतलं.

आधी जे मनापासून आवडलं ते सांगतो. लाइन, म्हणजे एक पिन, मागताना आपलं नाव द्यायचं. मग लायब्ररीसोबतची जीपीआयओइन्फो कमांड चालवली की १७ नंबरच्या ओळीपुढे 'व्हॉल्व्ह-३', आउटपुट, ॲक्टिव्ह-लो (पिन खाली गेली की चालू) असं स्वच्छ दिसतं. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने तीच लाइन मागितली तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून परत पाठवतात. सिसएफएसमध्ये लिहायची परवानगी असलेला कुणीही येऊन पिन हलवून जायचा आणि कुणी हलवली याचा माग लागायचा नाही. साइटवर उन्हात उभं राहून दोष शोधणाऱ्याला या एका ओळीची किंमत कळते.

आता ज्याने डोकं उठवलं ते. लाइन धरणारी प्रोसेस संपली की लाइन सुटते, आणि सुटल्यावर पिनचं काय होईल याची हमी कुणी देत नाही. लायब्ररीच्या १.६ आवृत्तीतला जीपीआयओसेट (हीही कमांडच) डीफॉल्टने पिन सेट करून लगेच बाहेर पडतो. आमच्या एका बोर्डावर त्यामुळे रिले 'टक' करून लागायचा आणि त्याच क्षणी 'टक' करून सुटायचा. दुसऱ्या बोर्डावर तीच कमांड, तोच रिले, पण तो लागलेलाच राहायचा. एका ड्रायव्हरने सोडताना पिन इनपुट केली, दुसऱ्याने तशीच ठेवली. आवृत्ती २ मध्ये जीपीआयओसेट लाइन धरून बसतो, पण तो मेला की प्रश्न तिथेच. इंटरफेस सगळ्या चिपसाठी एक म्हणायचा आणि सगळ्यात धोक्याच्या क्षणी काय होईल हे मात्र ज्या त्या ड्रायव्हरवर सोडायचं, हे मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही.

त्यातला अर्धा राग मात्र हंगामाच्या मध्यात गेला. एका बागेत आमचा मुख्य प्रोग्रॅम रात्री मेमरी संपून मेला. सिसएफएसच्या दिवसांत असं झालं की उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहायचा, प्लॉटमध्ये सकाळपर्यंत पाणी आणि खताची टाकी रिकामी. या वेळी प्रोसेस गेली, लाइन सुटली, पिन इनपुट झाली, व्हॉल्व्ह मिटला. मालक मेला की वस्तू सुटली पाहिजे, हे तत्त्व बरोबरच आहे. माझी तक्रार आता एवढीच उरली आहे की सुटल्यावरची सुरक्षित स्थिती मागणी करतानाच सांगता यायला हवी होती. ती सोय नाही, म्हणून आम्ही ती हार्डवेअरमध्ये केली: आमचा रिले बोर्ड ॲक्टिव्ह-लो आहे, तेव्हा प्रत्येक इनपुटवर १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर. पिन तरंगली की रिले बंद. पायवर कॉन्फिग फाइलमध्ये स्ट्रिक्ट जीपीआयओडी हा पर्यायही चालू ठेवला, म्हणजे सोडलेली लाइन नक्की इनपुट होते. काही पैशांचा रेझिस्टर, पण तो आता प्रत्येक बोर्डावर असतोच.

यावर आमचा स्वतःचा एक पातळ थर लिहिला. वरच्या प्रोग्रॅमला पिन नंबर माहीतच नाही. त्याला 'व्हॉल्व्ह-३ चालू' एवढंच म्हणता येतं. चिपचं लेबल, ऑफसेट (चिपमधला पिनचा क्रम), ॲक्टिव्ह-लो आहे का, डिबाउन्स (स्विचची थरथर गाळायचा वेळ) किती, हे सगळं एका तक्त्यात. चिप लेबलने शोधा, क्रमांकाने नको. पाय ५ वर पिन सांभाळणाऱ्या आरपी१ ची चिप आधी ४ क्रमांकावर होती, नंतरच्या कर्नलमध्ये ० वर आली. ज्यांनी ४ ठोकून लिहिलं होतं त्यांचं काम पुन्हा अडलं.

या थराचा पैसा खरा वसूल झाला तो एक्स्पांडरवर, म्हणजे जादा पिन देणाऱ्या चिपवर. मोठ्या बागेला १६ व्हॉल्व्ह लागले तेव्हा एमसीपी२३०१७ ही तशी चिप लावली. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, ती आणखी एक जीपीआयओचिप म्हणून उभी राहते. तक्त्यात ओळी वाढवल्या, कोडला हात लावला नाही. फक्त एक भान ठेवा: इथे प्रत्येक हालचाल आयटूसी या दोन तारांच्या बसवरून जाते. १०० किलोहर्ट्झवर तीन बाइट लिहायला पाव मिलिसेकंदाहून जास्त वेळ लागतो. व्हॉल्व्हला त्याचं काही नाही. पण फ्लो मीटर एक्स्पांडरवर टाकू नका, तो थेट पिनवरच ठेवा.

फ्लो मीटरवरून आवृत्तीचं दुखणं आठवलं. रीड स्विचचा (चुंबकाने मिटणाऱ्या संपर्काचा) मीटर एका पल्सला दोनदा मोजायचा. कर्नल ५.१० पासून डिबाउन्स कर्नलमध्येच मागता येतो, पण डेबियन (लिनक्सचं एक वितरण) १२ मध्ये लायब्ररी १.६.३ मिळते आणि तिला तो मागताच येत नाही. शेवटी आवृत्ती २ स्वतः बिल्ड केली, १० मिलिसेकंद दिले, मोजणी जुळली. शिवाय प्रत्येक इव्हेंटला टाइमस्टॅम्प आणि अनुक्रमांक येतो. अनुक्रमात खंड दिसला की पल्स हुकला हे कळतं. खताचं प्रमाण पाण्याच्या लिटरवर ठरतं, तेव्हा ही माहिती मला सोन्यासारखी आहे. मात्र १ वर लिहिलेलं कोड २ वर चालत नाही, फंक्शनंच बदलली आहेत, कमांडचे पर्यायही. नवीन सुरुवात करणाऱ्याने डेबियन १३ वरच करावी, त्यात २.२ येते.

चाचणीसाठी रिले बोर्डांचा ढीग लागत नाही, हेही सांगायला हवं. कर्नल ५.१७ पासूनचं जीपीआयओ-सिम खोट्या चिप उभ्या करतं. मधेच प्रोसेस मारून बघणं, लाइन आधीच दुसऱ्याने धरलेली असणं, हे सगळं आता टेबलावरच होतं.

जुन्या सिसएफएसवरच्या थोड्या साइट राहिल्यात, त्या एप्रिल छाटणीआधी बदलतोय. तोवर तिथले अपडेट बंद ठेवलेत.